चिखल, दगड आणि आमचे साडू

बुऱ्हाणपुरात उभ्या असलेल्या कोणत्याही चारचाकीचा मालक कोण, हे आमचे साडू कधीच सांगू शकणार नाहीत. पण तिचे टायर किती घासले आहेत, मागचा डावा पुढच्या उजव्यापेक्षा जास्त का झिजला आहे आणि ती गाडी फोपनारच्या केळीच्या बागेत शिरली तर कुठल्या वळणावर बसेल, हे ते भरल्या ताटावरून उठवून विचारलं तरी सांगतील. गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याला ते नमस्कार करतात तोच मुळी कमरेत वाकून. पाहुण्याला वाटतं, केवढी ही नम्रता, एवढ्या मोठ्या आडतीचा मालक आणि कसा वाकतो बघा. तो बिचारा गहिवरून त्यांना खांदे धरून उठवतो. साडूंची नजर मात्र त्याच्या पायांच्या जरा पलीकडे, चाकावर असते.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बुऱ्हाणपुरात त्यांची केळीची आडत, आणि शाहपूर-फोपनारच्या बागा तुडवायला घेतलेली एक जुनी जीप. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात तिथे यांच्याकडे टायरची हवा मोजायचं गेज असतं. एकदा बँकेत सही करायला मी पेन मागितलं, तर त्यांनी बोलण्याच्या नादात तेच माझ्या हातात ठेवलं आणि मीही ते कागदावर टेकवून बराच वेळ शाई येण्याची वाट पाहिली. माझ्या मुलीला पाहायला मंडळी आली तेव्हा घरातली वडीलधारी माणसं मुलाचं शिक्षण, नोकरी, घराणं विचारत बसली होती. साडू मध्येच उठून बाहेर गेले ते मंडळी निघायच्या वेळीच परत आले. "मुलगा चांगला आहे," त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "त्याच्या स्टेपनीत हवा आहे. आजकाल कोण पाहते स्टेपनीची हवा? हा पोरगा घराकडे ध्यान देईल." मुलगी आम्ही दिली. जावई खरोखरच घराकडे ध्यान देतो, आणि त्याचं श्रेय साडू आजतागायत त्या स्टेपनीला देतात.

त्यांच्या या वेडाची खरी शिक्षा भोगली ती आमच्या ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने. स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये एकीत फोपनारची माती, दुसरीत शाहपूरची, तिसरीत तुकईथडची, त्यात पाणी घालून मुरायला ठेवलेली. कुठली किती चिकट होते ते त्यांना पाहायचं असे. त्यांपैकी एका बरणीत मी जेवताना चमचा घातला होता, त्याबद्दल इथे लिहीत नाही. एकदा सणाला ताईने पुरणपोळीची कणिक मळून ठेवली होती. यांनी मुलाची खेळण्यातली जीप आणून ती कणकेवरून चालवली आणि आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. "हे पहा, बारीक नक्षीचा टायर. दोन फेऱ्यांत कणिक भरली, चाकाचं झालं बेलणं. आता हे गोल गोल फिरेल, पण जागचं हलणार नाही." ताई शांतपणे म्हणाली, "कळलं. आज तुमच्या पानात तीच पोळी पडेल." आणि तीच पडली. साडूंनी ती दोनदा तूप मागून खाल्ली.

आता इतका व्यासंग असलेल्या माणसाच्या जीपला कसले टायर असतील, असं कुणालाही वाटेल. तर अगदी साधे, सडकेवरचे. कारण साडूंचा निर्णयच होत नव्हता. चिखलाच्या टायरला दात मोठे आणि विरळ हवेत, म्हणजे चाक फिरता फिरता माती झटकून मोकळं होतं. दगडावर सगळं उलट. तिथे दात जवळजवळ हवेत, रबर मऊ हवं, टायरचे गाल जाड हवेत, नाहीतर धारेचा दगड बाजूने चिरत जातो. आणि त्यांना जायचं होतं त्या वाटेवर आधी काळी माती होती, मग नाल्यातले गोटे, मग परत काळी माती. चिखलाचा टायर बघायला गेले की त्यांना गोटे दिसत, दगडाचा बघायला गेले की माती दिसे. मग जुने टायर गुळगुळीत झाले की ते "सध्यापुरते" म्हणून पुन्हा साधेच घालून येत. असे सध्यापुरते टायर घालता घालता त्यांचे केस पांढरे झाले, मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला, तिथेच त्याचं लग्न झालं. दुकानदाराने तर त्यांच्यासाठी एक खुर्चीच राखून ठेवली होती. ते आले की तो विचारी, "सेठ, आज भी देखने आए हो?" आणि उत्तराची वाट न पाहता चहा सांगे.

ती वाट म्हणजे आमच्या सासरवाडीची. तुकईथडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आम्हा दोघांची सासरवाडी आहे. साडूंच्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात ते ताईला घेऊन राखीसाठी निघाले. जीप नवीन घेतलेली, बायको नवी, आणि जावई पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीने येणार म्हणून गाव वेशीत उभं. नाल्याच्या अलीकडे काळ्या मातीत जीप रुतली ती बसलीच. ताईचा भाऊ पायी येऊन बघून गेला आणि परतला तो बैलजोडी घेऊन. तोवर दुपार उतरली होती. बैलांनी जीप ओढत गावात नेली, आत जावई बसलेला, पोरं मागे पळतायत. त्या गावात आमच्या साडूंचं नाव अजूनही कुणी घेत नाही, 'बैलांनी आणलेले जावई' म्हणतात. साडूंनी त्यानंतर पावसाळ्यात त्या वाटेला जीप घातली नाही. ताई श्रावणात बसने फाट्यापर्यंत जायची, भाऊ फाट्यावर यायचा, तिथेच थांब्यावर राखी बांधायची आणि उलट्या बसने परत. "एक दिवस पाहशील," साडू माझ्या बायकोला म्हणायचे, "तुझ्या ताईला ऐन श्रावणात दारापर्यंत नेईन. अन् बैल दारात उभे राहून पाहतील."

मग पुण्याला नातू झाला आणि ताई सहा महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेली. सून नोकरी करणारी, मुलगा नोकरी करणारा, पाळणाघरावर कुणाचाच विश्वास नाही. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची वर्षं झाली. तिकडे गेलं तर साडूंना चार दिवसांवर करमत नाही, आणि इकडे ती नाही. साडू रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसू लागले. टायरबद्दल बोलत, पण पूर्वीसारखं रंगून नाही. उठताना दारात थांबून माझ्या बायकोला विचारत, "ताईचा फोन आला होता का?"

"भाऊजी, ती तुम्हाला रोज फोन करते ना?" बायको म्हणायची.

"हाव, करते. पण मले मतलबाचं विचारते. गोळी घेतली का, गॅस बंद केला का. तुझ्याशी खरं बोलत असेल." मग तिने काय काय सांगितलं ते उभ्याउभ्या ऐकून घेत आणि जात. ऐकताना खिशातलं गेज काढून बोटांत फिरवत. मातीच्या बरण्या त्यांनी स्वतःच धुऊन फडताळात उपड्या घालून ठेवल्या होत्या. मला तो माणूस तेव्हा फार एकटा वाटला आणि तसं मी बायकोला म्हणालोही.

या वर्षी आषाढात ताईने कळवलं की राखीला येते. चारच दिवस, नातवाच्या शाळेमुळे जास्त नाही. साडूंमध्ये एकदम पंचविशीतला माणूस शिरला. ते मला ओढत दुकानात घेऊन गेले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "आज न्यायले आलो." दुकानदाराने हातातला चहा खाली ठेवला. साडूंनी प्रत्येक टायरच्या गालावर अंगठा दाबला, दातांत बोट घालून पाहिलं, एक टायर तर नाकाशी नेला. शेवटी मध्ये मोठ्या दातांचे आणि गाल जाड असलेले, चिखलात झटकणारे आणि दगडावर चिकटणारे असे टायर निवडले. निर्णयाला अर्धी दुपार पुरली. मी विचारलं, "इतकी वर्षं हे का नाही जमलं?" म्हणाले, "इतकी वर्षं ती घरीच होती ना." ते टायर घालून जीप गल्लीत शिरली की असा घूंघूं आवाज येई की शेजारचे यंत्रमाग फिके पडावेत.

आणि राखीच्या पंधरवडाभर आधी मेहुण्याचा फोन आला. फाट्यापासून थेट दारापर्यंत सिमेंटचा रस्ता झाला होता, नाल्यावर पूल. "सिमेंटवरून तर पापडाचं चाक लावलं तरी जाते," एवढंच साडू म्हणाले.

राखीच्या दिवशी आम्ही चौघं निघालो. ताई पुढे, मांडीवर राखीचं ताट आणि दराब्याचा, म्हणजे आमच्या बुऱ्हाणपुरी रव्याच्या मिठाईचा, डबा. आम्ही नवरा-बायको मागे. खकनार मागे पडलं, तुकईथड मागे पडलं. ताई नातवाचं कौतुक सांगत होती, साडू रस्त्याकडे बघत हुंकार देत होते. फाट्यावर नवा पांढरा रस्ता सरळ गेला होता आणि त्याच्या बाजूने जुनी वाट शेतांत उतरत होती, चाकोऱ्यांत पाणी साचलेली. साडूंनी नव्या रस्त्याकडे स्टीअरिंग वळवलं.

"जुन्या वाटेनं घ्या ना," ताई म्हणाली.

साडूंनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली उतरून पकड वाढावी म्हणून चारही टायरांची थोडी हवा सोडली, गेज लावलं, परत चढले, पहिला गिअर टाकला. मी मागच्या दांडीला घट्ट धरलं. जीप काळ्या मातीत शिरली, दातांनी चिखल मागे भिरकावला, नाल्यात उतरली, गोट्यांवरून एकदा इकडे एकदा तिकडे कलली आणि पलीकडच्या चढावर जाऊन उभी राहिली. माझा श्वास पुरता रोखून व्हायच्या आत सगळं आटोपलं. साडूंनी इंजिन बंद केलं. त्यांचा चेहरा मला आरशात दिसत होता. इतका सुखी चेहरा मी त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

ताई मान वळवून मागे, नाल्यापलीकडे बघत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं मतलब? आरपार आलो आपण."

"हाव. पण मागच्या वेळी केवढा वेळ बसलो होतो आपण इथं." तिने नाल्यापलीकडच्या बाभळीकडे बोट दाखवलं. "त्या बांधावर. भावासाठी नेलेला दराबा आपणच खाऊन टाकला. तुम्ही मले तुमच्या शाळेतल्या गोष्टी सांगितल्या, मास्तरची नक्कल केली. घरी सासूबाई, दोन जावा, आडतीवरची माणसं. लग्न होऊन तीन महिने झाले होते अन् तुमचा आवाज मले तिथं पहिल्यांदा नीट ऐकू आला. दादा बैल घेऊन आला तर मले वाईट वाटलं होतं."

उभ्या जन्माची नामुष्की म्हणून साडू जी दुपार वागवत आले होते, ती ताईने आपल्यापाशी अशी जपून ठेवली होती, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी जीप चालू केली, वळवली आणि पुन्हा नाल्यात घातली. पलीकडच्या काळ्या मातीत अगदी मधोमध थांबवली. मग ॲक्सिलरेटर दाबून चाकं जागच्या जागी फिरवायचा प्रयत्न केला. टायरांनी माती झटकली, तळ धरला आणि जीप आज्ञाधारकपणे पुढे आली. त्यांनी मागे घेतली, आणखी खोल चाकोरी शोधली, पुन्हा थांबवली. जीप पुन्हा बाहेर आली. माझी बायको आणि मी बाजूच्या कपाशीकडे निरखून पाहू लागलो. शेवटी ताईच त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "चला, दादा वाट पाहत असेल." तिच्या आवाजात हसूही होतं आणि दुसरंही काही होतं.

चार दिवसांनी ताई पुण्याला गेली. त्यानंतर बरेच दिवस साडू आमच्याकडे आले नाहीत. मग गेल्या आठवड्यात सकाळीच आले आणि मला दुकानात चला म्हणाले. दुकानदाराने खुर्ची पुढे केली.

"असा टायर दाखव," साडू त्याला म्हणाले, "जो काळ्या मातीत नक्की फसेल. डगमग नाही पाहिजे. एकदा बसला की बसला."

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. साडू मात्र दुकानामागच्या जुन्या टायरांच्या ढिगाकडे गेले आणि एकेका टायरच्या गुळगुळीत पाठीवरून हात फिरवू लागले, पूर्वीच्याच बारकाईने. मऊ रबराचा नको, तो धरतो. अरुंद नको, तो माती कापून खालच्या कठीण जमिनीला टेकतो. एक रुंद, साफ तुळतुळीत टायर त्यांनी उभा करून ठेवला आणि त्याच्या जोडीचे तीन शोधायला लागले.

"पुढच्या राखीले येते म्हणाली आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग हातातला टायर तसाच धरून त्यांनी विचारलं, "साडूभाऊ, मेहुण्याने बैल विकले ना?"

"हो. ट्रॅक्टर घेतला."

"ट्रॅक्टर लवकर येईल हो," साडू म्हणाले. आता त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. "त्याले सांगून ठेवा. म्हणावं, फोन आला तरी घाई करू नको. जेवून घे, जरा लवंड, मग ये."

मेहुण्याला मी त्याच संध्याकाळी सांगून ठेवलं आहे.