दावीदाने दुसऱ्यांदा विचारलं, मी एकदाही नाही

काल चाकणला कंपनीत माझी चांगलीच जिरली... आणि तरी मी इतका खूश घरी आलो की बायकोने विचारलं, प्रमोशन झालं का?

सांगतो. रविवारी देहूरोडला आमच्या चर्चच्या मंडळीत छोटा संदेश द्यायची पाळी माझी होती. विषय घेतला बायबलमधल्या दावीद राजाचा विजय. त्याचे शत्रू पलिष्टी एका खोऱ्यात चाल करून आले, दावीदाने देवाला विचारलं, सरळ जाऊन भिडला आणि जिंकला.

मग तेच पलिष्टी त्याच खोऱ्यात परत आले. दुसरा कोणी म्हणाला असता, मागच्यासारखंच करू. दावीदाने मात्र परत विचारलं... आणि उत्तर वेगळंच आलं. समोरून जाऊ नकोस, वळसा घालून मागून जा, आणि झाडांच्या शेंड्यांवर पावलांचा आवाज येईपर्यंत थांब.

मी अगदी रंगात येऊन सांगितलं की कालच्या विजयावर आजची लढाई जिंकता येत नाही. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. मग काय, मी हवेत.

सोमवारी लगेच परीक्षा. मी मेंटेनन्सला आहे. सकाळी एक मशीन बंद पडलं, आणि स्क्रीनवर मागच्या महिन्यातलाच अलार्म... पार्ट नीट पकडला गेला नाही. तेव्हा मी सेन्सर बदलून दहा मिनिटांत लाइन चालू केली होती, सगळ्यांसमोर कौतुक झालं होतं. म्हणून कोणाला काही न विचारता सरळ समोरचा सेन्सर काढला, नवा लावला.

अलार्म तसाच. अजून एक नवा लावला... तरी तसाच.

मॅनेजर डोक्यावर उभे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ऑपरेटरनेच काहीतरी छेडछाड केली असेल." ऑपरेटर म्हणजे अंकुशभाऊ, बीडचे, कॉन्ट्रॅक्टवर. पुढच्या महिन्यात त्यांना कायम करायचं की नाही ते ठरणार आहे. मॅनेजर म्हणाले, जेवणानंतर याला मेमो देतो.

तेवढ्यात चहाची सुट्टी झाली. शॉपमधली सगळी मशीन्स थांबली... आणि त्या शांततेत मला एक बारीक आवाज आला. सुस्स... मशीनच्या मागून.

खोटं नाही सांगत, अंगावर सर्रकन काटा आला. वळसा घालून मागे गेलो. हवेचा पाइप जोडाजवळ चिरला होता, म्हणून पार्ट धरणारा क्लॅम्प पूर्ण दाबतच नव्हता. पाइप बदलला, लाइन सुरू झाली.

चहा राहिला तिथेच. मॅनेजरकडे गेलो आणि चार लोकांसमोर सांगितलं, "साहेब, चूक माझी आहे. अंकुशभाऊंचा यात काही संबंध नाही." मेमो थांबला.

मग अंकुशभाऊंची माफी मागितली. ते शांतपणे म्हणाले, "शनिवारपासून मागून आवाज यायलाय, दादा. तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

घ्या. देवाला विचारलं नाही ते नाहीच, शेजारी उभ्या माणसालाही नाही. रविवारी सगळ्या मंडळीला वाटलेला संदेश मला स्वतःला पोचला सोमवारी, तोही अंकुशभाऊंच्या तोंडून. आणि देवाची कृपा बघा... मी विचारलं नव्हतं, तरी त्याने आवाज ऐकवला. एका माणसाची नोकरी माझ्या जिभेपायी जाता जाता वाचली.

आज शिफ्टला गेलो तेव्हा मशीन मस्त चालू होतं. तरी आधी अंकुशभाऊंकडे गेलो आणि विचारलं, "भाऊ, आज आवाज कसा आहे?"