शेगडीनं आधी कुणाला सांगावं

सोनगीरच्या ताईबाईंना एका जागी बसणं जमेनासं झालं होतं. भजनाला गेल्या तरी मधेच उठायच्या, घरी येऊन गॅसचं बटण चाचपायच्या आणि परत जायच्या. जाऊन टेकतात न टेकतात तोच मनात यायचं, आपण ते फिरवलं की नुसताच हात लावला?

"तुन्हा पायसले चाकं लागनात का व?" त्यांचे यजमान रूपचंद नाना शेतातून आले की विचारायचे.

कोरोनातून त्या उठल्या, हळूहळू चव परतली, पण वास काही परतला नाही. फोडणी करपलेली डोळ्यांना दिसायची तेव्हाच कळायची. भावकीत कुणाकडेही कार्य असलं की मसाला भाजायला ताईबाईच लागायच्या. नाक गेलंय हे कोणत्या तोंडानं सांगणार? बोलावणं आलं की त्या गुडघा दुखतो म्हणून सांगायच्या आणि घरीच बसायच्या.

मग एका सकाळी शेजारच्या सुनंदाबाई ताक मागायला आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अक्का, गॅस! लाइटले हात नका लावू!"

ताईबाई ओट्यापाशीच, शेगडीकडे पाठ करून मेथी निवडत होत्या. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. सुनंदाबाईंनी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या.

"इतला वास येस, तुमले समजनं नही?"

"ध्यान नव्हतं," ताईबाई एवढंच म्हणाल्या.

धुळ्याला नोकरीला असलेल्या मुलाच्या, भूषणच्या कानावर हे गेलं. पुढच्याच रविवारी तो नवी शेगडी घेऊन आला. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद, भांडं कोरडं पडून तापलं तरी बंद, आणि वर फोनवर मेसेज. बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, "शेगडीच्या भोंग्याचा आवाज मोठा ठेवू?" भूषण म्हणाला, "नको, आई दचकते. माझ्या फोनवर येऊ द्या."

तेव्हापासून ताईबाईंची घालमेल दुप्पट झाली. शेगडी कुठे चुकतेय का बघायचं आणि भूषणचा फोन येतोय का तेही ऐकायचं. "माय, गॅसवर काय ठेयेल शे?" तो ऑफिसातून विचारायचा. एकदा त्या चिडल्याच, "मन्हावर राखण बसाडी का रे तू?"

त्या दुपारी त्यांनी उडदाची डाळ चढवली आणि अंगणात दादर ज्वारी पाखडायला बसल्या. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. कुणी हाक मारतंय असं वाटून त्या दोनदा उठल्या, पण दार रिकामंच. मग मोटरसायकल थांबली आणि भूषण हेल्मेटसकट आत धावला. शेगडी केव्हाच बंद झाली होती. पातेलं मात्र काळं पडलं होतं.

"डाळ जळीन कोयसा व्हई गयी, माय! बठ्ठा घरमा वास भरेल शे. तुले येस नही का?"

ध्यान नव्हतं, असं म्हणायला ताईबाईंनी तोंड उघडलं, पण मुलानं अजून हेल्मेटही काढलं नव्हतं.

"नही येत, भाऊ. कोरोनापासून नही येत."

भूषण तिथंच ओट्याला टेकून बसला. मग ताईबाईच म्हणाल्या, "ती शेगडी तुले सांगस. तू धुळाथीन पयत येस. मी आठे दारशी बठेल शे. मग माले का सांगत नही ती?"

भूषणनं फोन काढला, भोंग्याचा आवाज पूर्ण वाढवला. स्वतःचा नंबर काढून टाकताना त्याचं बोट अडलं. "काढ," ताईबाई म्हणाल्या. त्यानं काढला.

आवाज तपासायला त्यांनी भोंगा वाजवला तशा सुनंदाबाई पदर सावरत धावत आल्या. ताईबाईंनी त्यांनाही सगळं सांगितलं. सुनंदाबाईंना रडू आलं, मग रागही आला. "गुडघा दुखतस म्हने!" म्हणत त्यांनी ताईबाईंच्या दंडावर चापटी मारली.

दिवाळीनंतर गल्लीत लग्न निघालं. ताईबाई कढईपुढे बसल्या आणि सुनंदाबाई शेजारी. "आते उतरा, धने झालात," सुनंदाबाई सांगायच्या आणि ताईबाईंचा हात तेवढ्यात फिरायचा. मसाला उतरला, तसा त्यांनी एक चिमूट जिभेवर ठेवली आणि मान हलवली.

भूषणचा फोन अजून रोज येतो. पावसाचं विचारतो, नानांच्या खोकल्याचं विचारतो, पण फोन काही ठेवत नाही. आता चैन त्याला पडत नाही, हे ताईबाई ओळखतात.

"बंद शे रे गॅस," त्या म्हणतात. "तू जेवना का?"