मन्सामावशीने वाढलेलं पान

वादळात एक मालवाहू जहाज आमच्या फान्टी लोकांच्या कोळीवाड्याच्या वाळूत रुतलं. आत माणूस सापडला नाही. तरी मासे धुरावर सुकवून विकणारी मन्सामावशी रोज संध्याकाळी जहाजाखाली केंके, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे गोळे, आणि वाटलेली मिरची ठेवू लागली. समुद्राने दारात आणलेल्याला आधी जेवू घालायचं, ही आमची रीत. सकाळी पानं रिकामी असत, नीट घडी घातलेली.

"कुत्री पोसतेस, मावशी!" मी चिडवायचे.

"कुत्री घडी घालतात होय गं? तुझा नवरासुद्धा घालत नाही."

काल माझी लेक आराबा फळ्या काढायला जहाजावर चढली आणि भरती आली. मी किनाऱ्यावर ऊर बडवत होते. शेवटी ती दोराला धरून सुखरूप उतरली.

"दोर कुणी सोडला?"

"वरच्या काकांनी. म्हणाले, मन्साला सांग, मिरची कमी घाल."

आज मावशीने मिरची निम्मीच वाटली. जहाजाकडे न्यायची टोपली मी उचलली.