राम आळीतलं महायुद्ध

घड्याळजीच्या दुकानात घड्याळांपेक्षा गोष्टी जास्त साठतात. घड्याळ दुरुस्त झालं की माणूस ते घेऊन जातो, गोष्ट मात्र टाकून जातो, आणि तिला न्यायला पुन्हा कोणी येत नाही! माझ्याकडे अशा गोष्टींचा इतका ढीग पडलाय की अधूनमधून काही बाहेर काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरं महायुद्ध संपून तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली होती. जर्मन, जपानी, इंग्रज सगळे थकूनभागून घरी गेले होते. फक्त रत्नागिरीत, राम आळीतल्या माझ्या दुकानात ते रोज संध्याकाळी पाच ते सात चालू असे!

आम्ही चौघं. मी डोळ्याला भिंग लावून ऐकणारा. दामले मास्तर, हायस्कुलात भूगोल शिकवणारे. त्यांनी लढाईवरची मिळतील तेवढी पुस्तकं वाचली होती, पण रत्नागिरीबाहेर फक्त कोल्हापूर पाहिलं होतं. लांज्याकडचे सुर्वे हवालदार, ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परत आलेले. आणि मिरकरवाड्याचे हसनमिया, लढाईच्या काळात मालवाहू बोटीवर खलाशी.

दुकानाचा कायदा एकच होता. कोणी लढाईबद्दल काही सांगितलं आणि दुसऱ्याने ते खोटं म्हटलं, तर निकाल लागेपर्यंत सोडायचं नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला उभं राहून कडक सलाम ठोकायचा, तोही दुकानाच्या पायरीवर, सगळ्या आळीला दिसेल असा! मी सलाम ठोकून ठोकून खांदा दुखवून घेतला होता. मास्तरांनी मात्र तीन वर्षांत एकदाही हात कपाळाला लावला नव्हता. त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

*

एकदा मास्तर ब्रह्मदेशाचा नकाशा पसरून बसले. "ही टेकडी, आणि ही पुढची टेकडी. आपली पलटण एका दिवसात इथून इथे गेली. पुस्तकात स्पष्ट आहे."

हवालदारांनी नकाशा आपल्याकडे ओढला. त्या पलटणीत ते स्वतः होते!

"मास्तर, तुमचं बोट ग्येलं एका दिवसात. आमी नवव्या दिवशी पोचलो."

"अहो, पण पुस्तकात..."

"तो सायेब इमानात बसून लिवत आसंल. नकाशावर चिकल दाखवत नाय!"

मास्तर म्हणाले, पुस्तकात 'पलटण' म्हटलंय, पलटणीची पुढची तुकडी एका दिवसात गेलीही असेल. वाद बरोबरीत सुटला. मास्तर हे असे निसटायचे.

*

मुंबईहून रजेवर आलेला एक गृहस्थ घड्याळाचा पट्टा बदलायला आला आणि आमचं बोलणं ऐकून खुलला. आपण आफ्रिकेच्या वाळवंटात लढलो, रणगाडे उडवले, जर्मन पकडले, असं सुरू झालं. मास्तरांनी तारखा विचारल्या, त्याने फाडफाड सांगितल्या. मास्तर खूश! पुस्तकाशी जुळतंय म्हणजे खरंच.

हवालदारांनी विडी विझवली आणि एवढंच विचारलं, "दिवसभर लडून आलात की तंबूत पयलं काय करायचात?"

"पहिलं म्हणजे... छान हातपाय धुवायचे!"

"पानी कुटनं आनलंत?"

गृहस्थ उठला, सलाम ठोकला आणि जुना पट्टा तसाच टाकून गेला. तो अजून माझ्या खणात आहे.

*

आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावरची लढाई तर आमची सर्वांत मोठी. वाळवंटातलं युद्ध वाळूतच समजून घ्यायला हवं, असा मास्तरांचा आग्रह. रविवारी बैलगाडीतून साठ-सत्तर करवंट्या नेल्या. उताण्या करवंट्या इंग्रजांचे रणगाडे, पालथ्या जर्मनांचे. मास्तर इंग्रज, हवालदार जर्मन. मी दोन्हीकडचा दारूगोळा, म्हणजे खडे, पुरवणारा. ओली वाळू सपाट असते म्हणून मास्तरांनी रणभूमी अगदी पाण्याजवळ निवडली. तीन तास मांडामांड चालली. हसनमिया वर खडकावर बसून पानाला चुना लावत होते.

"हसनमिया, या की खाली!"

"नको. मी हयच बरा हाय."

मास्तरांनी हल्ल्याचा इशारा द्यायला हात वर केला, आणि भरतीची पहिली लाट मधोमध घुसली! दुसऱ्या लाटेला दोन्ही सैन्यं तरंगायला लागली. मास्तर धोतर सावरत इंग्रजांच्या मागे धावताहेत, हवालदार जर्मनांच्या! भूगोलाच्या मास्तरांना भरतीची वेळ आठवली नाही, आणि हवालदार पडले डोंगराकडचे. मी मात्र समुद्राजवळ जन्मलेला, मला काय झालं होतं कोण जाणे!

"आधी सांगायचं नाही का हो?" मास्तर ओरडले.

हसनमिया शांतपणे म्हणाले, "मना वाटला, तुमच्या पुस्तकात असंल."

*

आमची ही एकदा डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा लढाई कशामुळे जिंकली यावर जुंपली होती. कोणी तोफा म्हणे, कोणी विमानं. ती डबा ठेवून म्हणाली, "सहा वर्षं रेशनच्या तांदळातले खडे वेचले आम्ही. घरचं एक माणूस उपाशी झोपू दिलं नाही. त्यावर आहे का हो एखादं पुस्तक?"

हवालदार ताडकन उठले आणि पायरीवर जाऊन त्यांनी तिला असा सलाम ठोकला की समोरचा शिंपी मशीन थांबवून बघत राहिला. ती लाजली, पण आठवडाभर माझ्याशी जरा वरच्या पट्टीत बोलत होती!

*

आणि आता हसनमियांचे अकरा दिवस.

हसनमिया फार बोलत नसत. एका संध्याकाळी मात्र बोलले. त्यांच्या बोटीला पाणबुडीने टॉरपेडो मारला. बोट बुडाली. चौदा माणसं एका होडीत. होकायंत्र नाही, नकाशा नाही. अकराव्या दिवशी हसनमियांनी ती होडी किनाऱ्याला लावली.

मास्तरांनी मान हलवली. "शक्य नाही. माझ्या एकाही पुस्तकात असं नाही. होकायंत्राशिवाय माणूस समुद्रात गोल गोल फिरतो. हसनमिया, या बाता झाल्या."

हसनमियांनी हातातलं पान खाली ठेवलं. हसनमियांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"अकरा दिवसांत चार मानसा आमी समुद्राला दिली, मास्तर. त्यांची नावा मना रोज नमाजाला आठवतात. ती पन बाताच काय?"

"भावना वेगळी, भूगोल वेगळा."

हसनमिया उठून गेले. पुढचे वीस दिवस ते आले नाहीत. त्यांच्या रिकाम्या जागेकडे बघून मला मास्तरांचा खरोखर राग यायचा. शेवटी एकविसाव्या दिवशी ते दारात उभे राहिले, पण आत आले नाहीत.

"मास्तर, माजे डोले बांधा. समुद्रात न्या, होडी गरागरा फिरवा. तितून मी तुमाला बंदरात आनतो. नाय जमला तर अकरा दिवसांचा नाव परत काडनार नाय. जमला तर सलाम."

मास्तरांना नाही म्हणता येईना. ज्या गोष्टीवर त्या माणसाचं उरलेलं आयुष्य उभं होतं, तीच त्याने पणाला लावली होती.

थंडीचे दिवस. सकाळी सातला भगवती बंदरातून निघालो. आम्ही चौघं आणि वल्ह्यांवर दोन जण, तेही हसनमियांच्या नात्यातले नकोत म्हणून मास्तरांनी निवडलेले. मास्तरांनी स्वतः हसनमियांच्या डोळ्यांना पंचा बांधला, दोन गाठी मारून. आपल्यापुरतं शाळेतलं पितळी होकायंत्र आणलं होतं. होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेशी, पोत्याने झाकलेला एक उंचवटा होता, त्यावर ते ठेवून मास्तर ऐटीत बसले.

किनारा दिसेनासा झाल्यावर होडी गरागरा फिरवली. मास्तर कौतुकाने म्हणाले, "बघा, एवढी होडी फिरतेय, पण सुई जागची हलत नाही! उत्तम प्रतीचं यंत्र!" मी जन्मभर काटे हाताळलेला माणूस, मीही मान डोलावली.

आणि तेवढ्यात धुकं उतरलं. बघता बघता वल्ह्याचं टोक दिसेना! धुकं काही कोणी पैजेत ठरवलं नव्हतं. डाव्या-उजव्या अंगाला खडक, हे सगळ्यांना ठाऊक होतं.  मी म्हटलं, "हसनमिया, पंचा सोडा आता, पैज राहू दे!"

"कशाला? आता सगल्यांचेच डोले बांदलेले हायत!"

त्यांनी दोरीला बांधलेला शिशाचा गोळा मागितला. त्याच्या बुडाला साबण फासला आणि पाण्यात सोडला. तळाचं जे काही असेल ते साबणाला चिकटून वर येतं. बोटाने चाचपून, हुंगून म्हणाले, "शिंपल्यांचा भुगा." मग होडीच्या फळीवर तळहात टेकून लाटेचा हेलकावा कुठून येतो ते अजमावत राहिले, कारण लाट नेहमी किनाऱ्याकडेच जाते.  मग त्यांनी हात केला. "तिकडं मारा."

"थांबा!" मास्तर किंचाळले. "पूर्व मागे आहे! हे आपल्याला थेट अरबस्तानात नेताहेत!"

वल्हेवाले थबकले. एकीकडे शाळेचं यंत्र, दुसरीकडे डोळे बांधलेला म्हातारा! सगळे हवालदारांकडे बघायला लागले.

हवालदार म्हणाले, "फौजेत येक शिकलो. दोगं दोन वाटा सांगाय लागले, तर त्यातला जो घाबरल्याला नाय त्याचं आयकावं. मारा वल्ही!"

दर थोड्या वेळाने गोळा खाली जाई. शिंपल्यांनंतर वाळू आली, वाळूनंतर बंदराजवळचा काळा चिखल. हसनमिया नुसते "डावं", "उजवं" म्हणत होते. मास्तर होकायंत्र त्या उंचवट्यावर दोन्ही हातांनी दाबून धरून देवाचं नाव घेत होते. आणि मग होडी हलकेच कशालातरी घासली. धुक्यातून एका कोळणीचा आवाज आला, "अगो बाय, ह्ये कोन डोले बांदून बंदराला लागलं?"

भगवती बंदराची पायरी! जिथून निघालो होतो तीच! हवालदारांनी आरोळी ठोकली, वल्हेवाल्यांनी वल्ही उंच केली, आणि मी, खोटं कशाला बोलू, रडलो.

मास्तर हलत्या होडीत उभे राहिले. तीन वर्षांत न उचललेला हात त्यांनी कपाळाला लावला, आणि बराच वेळ खाली घेतला नाही. "हसनमिया, अकरा दिवस खरे. त्या चार माणसांनाही माझा सलाम." 

मग खाली बघून ते हळूच म्हणाले, "पण काही समजत नाही हो. किनाऱ्याला लागलो तरी हे यंत्र पूर्व अजून समुद्राकडेच दाखवतंय!"

डोळ्यांवरचा पंचा अजून तसाच होता. हसनमियांनी मास्तरांकडे तोंड वळवलं.

"मास्तर, आधी ता नांगराच्या लोखंडावरसून उचला."