दुपारची भांडी

शैलाताई गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मनात आलं की आता ते कधीच कळायचं नाही… त्या मला शिकवत होत्या की राबवून घेत होत्या?

नवीन जालन्यात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे त्या एकट्या राहायच्या. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मी हसनाबादची, लग्न करून इथे आलेली. एका बियाणे कंपनीत फोन घ्यायची नोकरी मिळण्यासारखी होती, फक्त इंग्रजी बोलता यायला हवं होतं. मी वही घेऊन गेले, तर ताईंनी ती बाजूला ठेवून हातात घासणी दिली. जे करतेस ते करता करता बोल, म्हणाल्या. आय ॲम वॉशिंग द प्लेट. आय ॲम कटिंग द अनियन. चालू वर्तमानकाळ असा शिकवतात हे मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. बरं, फी घेत नव्हत्या, आणि तिथेच शंकेची पाल चुकचुकली. नवऱ्याने तर निकालच दिला, "ती बाई तुला शिकवून न्हाई राह्यली, फुकटात भांडे घासून घेऊन राह्यली."

मग मी डोळ्यांत तेल घालून पाहू लागले. दुपारी जावं तर मोरीत खरकटी भांडी तयार. एकट्या बाईला एवढी लागतात कशाला? एकदा मुद्दाम हाताला पट्टी बांधून गेले. ताईंनी पट्टीकडे पाहिलं, स्वतः घासायला बसल्या आणि मला म्हणाल्या, मी काय करतेय ते सांग. सांगितलं. पण आज लाजेखातर घासली असतील, असंच वाटलं. पुढे मुलाखतीत वाचा बसली, तेव्हा टेबलाखाली हात ताट घासल्यासारखे फिरवले आणि वाक्यं यायला लागली… नोकरी मिळाली. मनातला काटा मात्र निघाला नाही.

परवा ताईंच्या मुलीने घर आवरायला बोलावलं. स्वयंपाकघरात कांताबाई ओटा पुसत होत्या. त्या कित्येक वर्षं रोज सकाळी इथे धुणंभांडी करून जात, हे मला तेव्हा कळलं.

"बाईनं माझ्यावर कधी भरोसा केला न्हाई," त्या कुरकुरल्या. "रोज चार भांडे बाजूला काढायच्या. राहू दे, दुपारी लागतेत म्हणायच्या. मला वाटायचं, माझं घासणं त्यायला पटत न्हाई."

दुपारी, म्हणजे माझ्या शिकवणीच्या वेळेला. मोरीच्या कोपऱ्यात ताट, वाट्या, एक पातेलं तसंच होतं. मुलीच्या जेवणाची भांडी कांताबाईंनी सवयीने आजही बाजूला ठेवली होती. मी खाली बसले, घासणी घेतली आणि मोठ्याने म्हणाले, आय ॲम वॉशिंग द प्लेट.

कांताबाई हातातलं फडकं थांबवून माझ्याकडे संशयाने बघत राहिल्या.