पेटीला घातलेला वारा

माझी इलेक्ट्रिकची पेटी तापायची. दिसायला पट्ट्या हार्मोनियमसारख्याच, पण भाता नाही. वायर लावली की लाल दिवा लागायचा आणि बासरीपासून सनईपर्यंत हवा तो आवाज निघायचा. मोताळ्याच्या आसपास अशी दुसरी पेटी नव्हती, हे मी विचारणाऱ्याला सांगायचो आणि न विचारणाऱ्यालाही. एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतली होती, तेव्हाच ती म्हातारी होती. देताना तो एवढंच म्हणाला, "मास्तर, गरम होते बरं. वरच्या जाळीले हवा लागू द्या." मी हसलो. मी विज्ञानाचा मास्तर, मला हा हवा शिकवणार!

अर्धा तास वाजवली की जाळीतून करपट वास यायचा आणि सूर वर सरकायला लागायचा. काळी चारला धरलेलं गाणं संपेपर्यंत पांढरी सहाला जाऊन टेकायचं. गाणाऱ्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या, डोळे बाहेर यायचे, आणि मी वरून त्यालाच दटावायचो, "सूर सोडू नका, सूर सोडू नका!"

उपाय शोधायचा तर मास्तरानेच. सातवीला बाष्पीभवन शिकवताना मी दरवर्षी विचारायचो, रांजणाला ओलं गोणपाट गुंडाळलं की पाणी गार का होतं? मग पेटी का होणार नाही? एका रविवारी पेटीला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि बटण दाबलं. असा झटका बसला की मी थेट धान्याच्या कोठीपाशी जाऊन पडलो. दोन दिवस हातात खडू धरवेना. शाळेत सांगितलं, पाट लागला.

त्यानंतर घरातला एकुलता एक टेबलफॅन पेटीकडे तोंड करून बसला. माझी बायको तिथेच चुलीपुढे भाकरी थापायची. घाम पदराने पुसायची आणि म्हणायची, "बाळंतिणीलेही कोणी इतकं जपत नाही हो." मी म्हणायचो, "तुला नाही कळायचं त्यातलं." हे वाक्य मी त्या काळात रोज म्हणत असे. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा धाड गावचा. बायकोने तिच्यासाठी मंगलाष्टका रचल्या, पाच कडवी, शाळेच्या उरलेल्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर. माहेरी ती गायची म्हणे. आमच्या घरी आल्यापासून सात वर्षांत तिचा आवाज अंगणाबाहेर गेला नव्हता. बाबा म्हणाले, "घरची सून माईकवर? लोक काय म्हणतील?" तर बहीण अडूनच बसली, "वहिनी म्हणणार नसल तर मी बोहल्यावर चढत नाही." बाबांनी हात टेकले.

पाचवं कडवं बायकोने मला आदल्या दिवशी वाचून दाखवलं. त्यात ती नणंदेला सांगत होती: सासरी सगळं घेऊन जा बाई, पण आवाज माहेरी विसरून जाऊ नको. मी म्हटलं, "यमक छान जुळलंय." शाबास माझी!

ती म्हणाली, "मले लोकायची भीती नाही. तुमच्या पेटीची हाये. ते वर गेली तर माहा आवाज पुरणार नाही. पाचवं कडवं व्हाले पायजे, बस."

"पेटीची जिम्मेदारी माझी," मी छाती ठोकून सांगितलं.

मुहूर्त भर दुपारचा. मांडवात अंगाची लाही होत होती. पेटीमागे टेबलफॅन लावला. शिवाय भाता नसल्यामुळे माझा डावा हात मोकळाच, त्यात हातपंखा घेतला. उजव्याने वाजवायचं, डाव्याने वारा घालायचा. काय ती अक्कल!

तेवढ्यात व्याहीभेट आटोपून माझ्या बहिणीचे सासरे पेटी बघायला आले. आम्ही मानाने दिलेला जाडजूड टॉवेल त्यांच्या खांद्यावर होता. "अरे बापा! हे तं उडतं इमानच हाये, मास्तर!" ते म्हणाले. इतके खूश झाले की त्यांनी तो टॉवेल काढून पेटीवर पांघरला आणि तिला हात जोडले. टॉवेल बरोबर जाळीवर.

काढायला काय लागत होतं? एक हात. पण मी मुलीचा भाऊ. सकाळीच चहा गार मिळाला म्हणून वऱ्हाडी रुसून बसले होते, त्यांना कसंबसं मनवलं होतं. व्याह्याने केलेला मान त्याच्या डोळ्यांदेखत बाजूला सारायचा? मी टॉवेल काढला नाही. उलट एक कोपरा दुमडला होता, तो सरळ केला.

पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्याला वास आला. तिसऱ्याला सूर चढायला लागला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी व्याह्यांकडे पाहिलं. ते हसले, म्हणून मीही हसलो. चौथ्यात तिचा आवाज ताणला, फाटला आणि मधेच तुटला. बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी घाईने अक्षताही टाकून मोकळं झालं. बाबांनी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माझा हात काही टॉवेलपर्यंत गेला नाही.

तिचा गेला. भरल्या मांडवात ती पेटीपाशी आली, टॉवेल उचलला, त्याने आपला चेहरा पुसला, गळा पुसला, आणि व्याह्यांच्या हातात देऊन म्हणाली, "मामाजी, धरा. याच्याखाली जीव गुदमरून राह्यला." मग तिने पेटीची वायर ओढून काढली.

पाचवं कडवं ती पेटीशिवाय गायली. खालच्या पट्टीत, स्वतःच्या. पंक्तीची पानं मांडणाऱ्या वाढप्यांचे हात थांबले. अंतरपाटामागे माझी बहीण हमसून रडत होती. व्याह्यांनी त्याच टॉवेलने डोळे टिपले आणि मोठ्याने म्हणाले, "वा पोरी!" रुसणं तर सोडाच, माणूस किती साधा होता! मी उगाच त्याला भ्यायलो.

शुभमंगल झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली. ती घामाने निथळत माझ्या शेजारी येऊन टेकली. तिने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो अजून हलतच होता, पेटीला वारा घालत.

"ते बंद हाये," ती म्हणाली. "इकडे घाला."

मी पंखा तिच्याकडे वळवला. सात वर्षांत पहिल्यांदा.