टिशूची झडप

ज्योतिबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायचा. साताऱ्याकडचा गडी; लोखंडावर त्याचा जेवढा भरवसा, तेवढा माणसांवरही नाही. बायको शालन एक जिना चढली की भिंतीला टेकायची. लहानपणच्या तापानं तिच्या हृदयाची झडप कामातून गेली होती. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. ती छाती कापून घ्यायला तयार झाली ती पोरासाठी. नवऱ्याला तिनं बजावलं होतं, नंतर पोर होईल ना, डॉक्टरांना तेवढं विचाराच.

त्यानं विचारलं नाही. पुरुष डॉक्टर, भोवती चार माणसं. बायकोच्या पोटाची गोष्ट काढायची कशी? डॉक्टरही घाईत. टिशूची बसवू की मेटलची, टिशूची पंधराएक वर्षांत बदलावी लागेल, एवढंच म्हणाले. ज्योतिबाला टिशू ठाऊक होता तो हॉटेलातला, हात पुसायचा. असला कागद बायकोच्या काळजात? रक्तात लगदा होईल त्याचा. मेटलची, तो ताबडतोब म्हणाला. समजावून सांगायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागलं नसतं, आणि विचारायला यालाही नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. मग वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी बाहेर बोलावून गोळ्या समजावल्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी आता कायमची, आणि ती चालू असताना दिवस राहणं आईला नि बाळाला, दोघांनाही धोक्याचं. त्यानं तेव्हा कुठं पोराचं विचारलं. मूल नकोच, बाई म्हणाल्या. हवं होतं, तर टिशूची का नाही घेतलीत? तिला ही गोळी कायमची लागत नाही.

"कागदाची?"

बाई बघतच राहिल्या. "कागदाची कुठली? डुकराच्या हृदयाची असते ती. साठ वर्षं झाली, माणसांना बसवतात. आता तर परदेशात डुकराचं अख्खं हृदय बसवून पाहिलं."

त्याला शिसारी आली नाही. त्यानं हात जोडले. "मॅडम, ही काढा. डुकराची बसवा."

"पुन्हा छाती उघडायची? जीव जाईल तिचा."

आत शालन जागी होती. खोली शांत, आणि तिच्या छातीतून बारीक टिकटिक येत होती. मेटलची झडप मिटताना वाजते.

"ऐकताय न्हवं? पक्की हाय," ती म्हणाली. "पोराचं इचारलं का?"

"आत्ता इचारलं."

"मंग?"

त्यानं सगळं सांगितलं, कागदाचंसुद्धा. ती रडली नाही. म्हणाली, "अवो, लाज कुनाची वाटली तुमास्नी? माझीच ना?"

तिनं उशी ओढून छातीवर घट्ट दाबली. आवाज येतच होता.